नोंदवही कपाटात, निसर्ग ओढ्याकाठी

पुढच्या खेपेला घरपट्टी भरायला किंवा एखादा दाखला आणायला ग्रामपंचायतीत गेलात, की एक काम करा. ‘लोक जैवविविधता नोंदवही बघायची आहे,’ असं सांगा. बहुतेक ठिकाणी त्यासाठी कपाट उघडावं लागेल. वही बाहेर येईल, चांगल्या बांधणीची असेल. तिच्यात तुमच्या गावची झाडं, गवतं, पिकांच्या जाती, जनावरं, पक्षी, मासे, औषधी वनस्पती यांची यादी असेल. आता ती यादी जरा नीट वाचा. ज्या ओढ्यात तुम्ही लहानपणी डुंबलात, त्याचं नाव तिच्यात आहे का? माळावरचं ते जुनं झाड आहे का? आणि मुख्य म्हणजे, एकदा वही भरल्यानंतर तिच्यात पुन्हा कुणी एक ओळ तरी लिहिली आहे का?

कामानिमित्त अशा काही वह्या मी चाळल्या आहेत. एका गावची वही वाचली आणि लगेच शेजारच्या गावची उघडली. यादी तीच, क्रमही तोच, गावाचं नाव तेवढं बदललेलं. एका झाडाच्या नावातली चूकसुद्धा दोन्हीकडे सारखीच! मला हसू आलं, पण नंतर वाईट वाटलं. कारण ही वही म्हणजे गावाच्या हातातलं एक मोठं हत्यार आहे आणि आपण ते धार न लावताच ठेवून दिलं आहे.

हुकूम आला, वह्या भरल्या

हे का झालं ते समजून घेऊ. जैवविविधता कायदा २००२ सालचा. त्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची. एक अध्यक्ष, सहा सदस्य, त्यात किमान एक तृतीयांश महिला. समितीचं पहिलं काम म्हणजे गावच्या लोकांना विचारून नोंदवही तयार करणं. कायदा झाला, पण पुष्कळ वर्षं काम रेंगाळलं. मग ऑगस्ट २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली. मुदत चुकली तर राज्याला दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील, असं बजावलं. आपल्या राज्यात २७ हजारांहून जास्त ग्रामपंचायती. सतरा वर्षांत जे झालं नाही ते पाच-सहा महिन्यांत उरकायचं होतं. मार्चअखेरीला बिलं जशी निघतात तशा वह्या निघाल्या.

इथे एकट्या ग्रामसेवकाला दोष देऊन भागणार नाही. त्याच्या टेबलावर आधीच चाळीस कामं. पण परिणाम काय झाला? बहुतेक वह्या एका भेटीत भरल्या गेल्या, आणि एका भेटीत जे दिसतं ते फक्त त्या दिवसाचं असतं. मे महिन्यात आलेल्या माणसाला तेरडा दिसत नाही. ऑगस्टमध्ये आलेल्याला पळसाचं फूल दिसत नाही. दुपारी बारा वाजता जीपमधून उतरलेल्याला घुबड कुठून दिसणार? निसर्ग बारा महिने चालतो. त्याची नोंदही बारा महिने चालली तरच तिला अर्थ आहे, आणि दहा वर्षं चालली तर तिला किंमत आहे.

गंगापूर रोडचा एक तुकडा

हे मी पुस्तकातून सांगत नाही. अशोकस्तंभाकडून निघून आनंदवल्ली, सोमेश्वर करत गंगापूर गावापर्यंतचा रस्ता नाशिककरांना पाठ आहे. एकेकाळी या रस्त्याच्या दोन्ही अंगाला मळे होते. आज तिथे शाळा-कॉलेजं, लॉन्स आणि इमारती आहेत. गंगापूरच्या पुढे गोवर्धन, दुगाव, गिरणाऱ्याकडे गेलं की अजून शेती लागते. द्राक्ष आहे, टोमॅटो आहे, भाजीपाला आहे. त्या वाटेवर एका ओढ्याकाठी साधारण तीन गुंठ्यांचा एक पडीक तुकडा आहे. दोन बाभळी, एक करंज, एक उंबर, रुईची चार-सहा झुडपं, टणटणी, गवत. एका बाजूला एका तात्यांच्या शेताचा बांध. ‘यात बघायचं काय?’ असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं.

२०१९ च्या पावसाळ्यात गाडी पंक्चर झाली म्हणून तिथे तासभर थांबलो आणि खिशातल्या डायरीत सहज चार ओळी लिहिल्या. तेव्हापासून अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे तिथे पंधरा मिनिटं थांबतो आणि दिसेल ते लिहितो. मी कृषी पदविका घेतलेला माणूस, प्राध्यापक नव्हे. पुष्कळ पाखरांची नावं मला आजही येत नाहीत. शेळ्या वळायला येणाऱ्या एका मावशींनी मला अर्ध्याहून जास्त गवतांची नावं शिकवली. कोणतं गवत शेळी आधी खाते आणि कोणत्याला तोंड लावत नाही, हे कुठल्या पुस्तकात मला सापडलं नव्हतं.

आता एकाच जागी बघत राहिल्याने काय कळतं ते बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला मोठा पूर आला, तेव्हा आमच्या ओढ्याचा काठ खचला. मातीची उभी दरड तयार झाली. नुकसान झालं असंच आम्ही सगळे म्हणालो. पुढच्या उन्हाळ्यात त्याच दरडीत वेड्या राघूंनी बिळं करून पिल्लं काढली. हा पक्षी झाडावर घरटं बांधत नाही, मऊ मातीत, बहुधा उभ्या दरडीत, बीळ करतो. पुढे तीन उन्हाळे ती बिळं माझ्या डायरीत आहेत. नंतर कुणीतरी बांधकामाचा राडारोडा त्या काठावर आणून टाकला. दरड बुजली, बिळं गेली. एकच भेट दिली असती तर यातलं काहीच कळलं नसतं. फार तर ‘वेडा राघू आढळतो’ एवढी एक ओळ आली असती, आणि ती आता खोटी ठरली असती.

गाजरगवताचंही तसंच. पावसाळ्यात ते कंबरेएवढं माजतं. पण चांगला पाऊस झाला की काळ्या रेघांचे भुंगे त्याची पानं चाळण करून टाकतात. हा मेक्सिकन भुंगा, म्हणजे झायगोग्रामा, आपल्या देशात गाजरगवत खायला म्हणून मुद्दाम मेक्सिकोहून आणला आणि १९८४ मध्ये बंगळूरला प्रथम सोडला. थंडीच्या सुमाराला तो जमिनीत जाऊन बसतो आणि पावसाबरोबर पुन्हा वर येतो. ज्या आठवड्यात हा भुंगा गाजरगवतावर कामाला लागलाय, नेमकं त्याच आठवड्यात तिथे कीटकनाशक मारलं तर नुकसान आपलंच. पण तो आठवडा कोणता, हे ज्याने त्या जागेची तारीख लिहून ठेवली त्यालाच माहीत.

बांध साफ केला, पण...

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. तात्यांना मीच सल्ला दिला होता, ‘बांध साफ ठेवा, किडीला थारा नको.’ सल्ला चुकीचा नाही. पेटारी, गाजरगवत यांवर पिठ्या ढेकूण वाढतो आणि तिथून पिकावर येतो. तात्यांनी मनावर घेतलं आणि बांध पार घासून काढला. रुई गेली, टणटणी गेली, गवतसुद्धा गेलं. त्या हंगामात त्यांच्या घेवड्यावर मावा आला आणि फवारणीमागून फवारणी करावी लागली. तात्या म्हणाले, ‘साहेब, बांध तर तुमच्यासारखा चकचकीत केला, मग हे कुठून आलं?’

घरी येऊन डायरी काढली. आधीच्या दोन वर्षी त्याच दिवसांत रुईवर पिवळा मावा आणि त्यावर ढालकिडे, अशी नोंद माझ्याच हातची होती. रुईवरचा पिवळा मावा सहसा आपल्या भाजीपाल्यावर येत नाही, पण ढालकिड्यांना तो आयता खुराक. म्हणजे आम्ही चोराबरोबर राखणदारालाही हाकलून दिलं होतं. एका बांधावरून कायदा सांगता येत नाही, माव्याला हवामानही कारण असतं, हे मला मान्य आहे. पण आता आम्ही पेटारी आणि गाजरगवत फुलायच्या आत उपटतो, रुई आणि गवताचा पट्टा ठेवतो. ‘बांध साफ करा’ एवढा मोघम सल्ला मी आता कुणाला देत नाही. कोणतं झाड काढायचं आणि कोणतं ठेवायचं ते सांगतो. हे शहाणपण मला पंधरा-पंधरा मिनिटांच्या डायरीने दिलं.

आपल्याला हे नवं आहे का? अजिबात नाही. २००८ मध्ये विदर्भात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला. त्यानंतर २००९ पासून राज्यात ‘क्रॉपसॅप’ सुरू झालं. त्यात ठरलेल्या शेतात ठरलेल्या दिवशी जाऊन किडी मोजतात आणि आकडा नुकसानीच्या पातळीपुढे गेला तरच सल्ला देतात. तीच शिस्त बांधावर, ओढ्याला, गायरानाला लावायची, एवढंच माझं म्हणणं आहे.

गिधाडं कधी गेली?

आता गावातल्या वडीलधाऱ्यांना एक प्रश्न विचारा. आपल्या शिवारातली गिधाडं नेमकी कोणत्या वर्षी गेली? उत्तर येईल, ‘झाली असतील वीस-पंचवीस वर्षं.’ मेलेलं जनावर तासाभरात फस्त करणारा एवढा मोठा पक्षी गेला आणि गावागावांत त्याच्या जाण्याची तारीख कुठेच नाही.

मग देशाला हे कळलं कसं? राजस्थानात भरतपूरचं केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे, जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं. तिथे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात गिधाडांची मोजदाद केली होती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी त्याच जागी पुन्हा मोजलं. संख्या निम्म्याहून खाली आलेली होती. आधीचा आकडा लिहिलेला होता म्हणून नंतरचा आकडा बोलू लागला. पुढे २००४ मध्ये कारण उघड झालं. जनावरांना दुखण्या-सुजण्यावर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक मढ्यातून गिधाडाच्या पोटात जात होतं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी होत होती. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅक यांवरही आली. म्हणून गोठ्यात डॉक्टर आले की मेलॉक्सिकॅम देता येईल का, हे जरूर विचारा. ते गिधाडाला सुरक्षित आहे.

आपल्या जिल्ह्यात हरसूलकडे खोरीपाड्याला गिधाडांसाठी खाद्यकेंद्र करावं लागलं. ज्यांना एकेकाळी कुणी मोजलं नाही, त्यांना आता ताटात वाढावं लागतंय.

दुसरं उदाहरण परदेशातलं, पण शेतीचंच. इंग्लंडमध्ये रोथमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात सात एकरांचं एक गवताचं कुरण आहे. १८५६ मध्ये त्याचे वाफे पाडून कुठे खत, कुठे बिनखत असा प्रयोग सुरू झाला. उद्देश साधा, चारा किती वाढतो ते बघायचं. पण तो आजही चालू आहे आणि दर वर्षीची नोंद आहे. बिनखताच्या वाफ्यात चाळिसाच्या आसपास जातीची गवतं-झुडपं राहिली. ज्यात वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट पडलं आणि चुना पडला नाही, ती माती आंबट होऊन दोन-तीन जाती उरल्या. दोन-चार वर्षांत प्रयोग बंद केला असता तर ‘खताने चारा वाढतो’ एवढंच कळलं असतं. खतं वापरू नका असं मी म्हणत नाही. माती परीक्षण करून वापरा म्हणतो. जमीन हळूहळू बदलते आणि जो सतत बघतो त्यालाच तो बदल दिसतो.

जागा वाचवायला पुरावा लागतो

कुणी म्हणेल, ‘साहेब, पोट भरायचं का पाखरं मोजायची?’ रास्त प्रश्न आहे. पण गंगापूर रोडचीच गोष्ट बघा. बिनशेती होत होत शहर गिरणाऱ्याच्या दिशेने सरकतंय. त्यात २०२७ चा सिंहस्थ आलाय. नोव्हेंबर २०२५ मध्ये साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून नाशिकमध्ये मोठं आंदोलन झालं. वाद कशावर होता? झाडं किती, कोणती जुनी, कोणती नवी. शहराच्या हद्दीत वृक्ष कायद्याला २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. पण पन्नास वर्षं झाली हे सांगणार कोण? महापालिकेकडे निदान वृक्षगणना असते. गावाकडे काय आहे?

गायरानाचंही तेच. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी राखा असं सांगितलं आणि त्याच वर्षी आपल्या शासनानेही त्याबाबत निर्णय काढला. पण प्रत्यक्षात कुणी येऊन ‘ही तर पडीक, काटेरी जागा, उपयोग शून्य’ असं म्हटलं, तर ग्रामसभेने काय दाखवायचं? ‘इथे इतक्या शेळ्या चरतात, पावसाळ्यात सुगरणीची घरटी असतात, ओढ्याला डिसेंबरपर्यंत पाणी असतं, गेल्या आठ वर्षांची नोंद ही घ्या,’ असं म्हणता आलं तर बोलण्यात वजन येतं. नाहीतर आपलं म्हणणं म्हणजे नुसता आरडाओरडा.

याच गोदावरीवर खाली निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वर आहे. बंधाऱ्यामागे गाळ साचला, त्यातून दलदल झाली, पाखरं येऊ लागली. १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ. हा दर्जा पाणथळ जागेच्या नुसत्या सौंदर्यावर मिळत नाही. कोणते पक्षी, किती, हे मांडावं लागतं. तिथे वनखातं आणि पक्षीमित्र पक्षीगणना करत आले, म्हणून मांडायला हाताशी काही होतं.

मग करायचं काय?

खर्च शून्य आहे. शंभर पानी वही आणि पेन्सिल. पुढच्या गोष्टी मात्र पाळा.

एक, जागा लहान घ्या. दोन-पाच गुंठे पुरे. बांध, ओढ्याचा काठ, देवळामागचं झाड, गायरानाचा कोपरा. जिथे तुमचं रोजचं जाणं-येणं आहे तीच निवडा. लांबची निवडलीत तर दुसऱ्या महिन्यात कंटाळा येईल.

दोन, दिवस ठरलेला ठेवा. अमावास्या आणि पौर्णिमा कुणाला सांगावी लागत नाही. शक्यतो वेळही एकच ठेवा.

तीन, तारीख, पाऊस, ओढ्याला पाणी आहे-नाही, कोणतं झाड फुललं, फळलं, पानगळीत आहे, कोणते किडे, कोणती पाखरं, कुणी तोडलं, जाळलं, चारलं, फवारलं, एवढं लिहा. नाव गावात जे म्हणतात तेच लिहा. माहीत नसेल तर ‘चिमणीएवढं, पिवळ्या पोटाचं’ असं वर्णन लिहा. अंदाजाने मोठं नाव ठोकू नका.

चार, जे दिसलं नाही तेही लिहा. ‘या वर्षी सुगरण आली नाही’ ही ओळ कधी कधी दहा ओळींना भारी असते.

पाच, एका ठरलेल्या दगडावर उभं राहून, एकाच दिशेने मोबाइलवर फोटो काढा. पाच वर्षांचे फोटो ओळीने लावलेत तर भाषण करावं लागणार नाही.

यातला रोकडा फायदाही सांगतो. वळवाचा पहिला चांगला पाऊस पडला की संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर हुमणीचे भुंगे जमतात. तुमच्या वहीत गेल्या तीन वर्षांच्या त्या तारखा असतील, तर यंदा तुम्ही कंदील आणि रॉकेलमिश्रित पाण्याची बादली घेऊन तयारीत असाल. एक मादी जमिनीत पन्नास-साठ अंडी घालते. एका संध्याकाळी फांद्या हलवून गोळा केलेले भुंगे म्हणजे उसातली, भुईमुगातली किती हुमणी वाचली, याचा हिशेब तुम्हीच करा. गावाने मिळून केलं तरच याचा उपयोग, एकट्याने नव्हे.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांना एक विनंती. नोंदवही नव्याने छापायची गरज नाही. तिला मागे कोरी पानं जोडा. शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलांना, शेळ्या वळणाऱ्या मावशींना, मासे धरणाऱ्यांना विचारून दर महिन्याला एक पान भरा. खाली तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव घाला. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वर्षाची पानं मोठ्याने वाचा. चुकलं असेल तर तिथेच कुणीतरी उठून सांगेल, ‘नाही हो, उंबर यंदा दोनदा आला.’ ती दुरुस्ती लिहून घ्या. समितीची बैठक कागदावर दाखवण्यापेक्षा हे काम सोपं आहे आणि खरंही.

आमच्या ओढ्याकाठचा राडारोडा अजून तसाच आहे. तात्या आणि मी मिळून डायरीतली तीन उन्हाळ्यांची पानं झेरॉक्स करून ग्रामपंचायतीला अर्जासोबत जोडली आहेत. भराव निघेल की नाही सांगता येत नाही. पण या वेळी अर्जात ‘निसर्गाची हानी होत आहे’ असं मोघम वाक्य नाही. कोणत्या वर्षी, कोणत्या दरडीत, किती बिळं होती, ते लिहिलं आहे. येत्या पौर्णिमेला तुमच्या बांधावर जाल तेव्हा वही बरोबर न्या.